शिंगं नव्हे, दात मोजा

बैलबाजारात जनावर कितीही डौलदार शिंगांचं असो, जाणतं गिऱ्हाईक आधी खालचा ओठ दाबून दात बघतं. दूधदातांचा आदत आहे, दोन कायमचे दात आलेला दुसा आहे, चार आलेला चौसा आहे की सगळे आलेला जुळलेला, म्हणजे वय काय, यावर पुढचा सौदा. शिंगाला रंग लावता येतो, तासून टोक काढता येतं. दाताशी खेळणं अवघड. आफ्रिकेत केप रेड्याच्या शिकारीचा व्यवहार मात्र शंभराहून जास्त वर्षं नेमका उलटा चालला आहे. तिथे पट्टी शिंगाला लागते, तीही इंचात, आणि जबडा बहुतेक वेळा आतड्यांबरोबर तरसांसाठी टाकून दिला जातो. या लेखाचं म्हणणं एवढंच की ही पट्टी चुकीच्या जागी लागते आहे. तिच्यामुळे दरवर्षी चुकीचे रेडे मरतात. शिकार होणारच असेल तर ती झिजल्या शिंगांच्या, कळप सोडून गेलेल्या म्हाताऱ्या रेड्याची व्हावी.

आधी जनावर कोणतं ते सांगायला हवं, कारण 'रानरेडा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या रानम्हशी येतात. त्या वेगळ्या. आपली गोठ्यातली म्हैस त्यांच्याच वंशातली. आफ्रिकेतल्या केप म्हशीची प्रजातच निराळी, आणि ती कधी माणसाळली नाही. पूर्ण वाढलेला केप रेडा सातशे-आठशे किलोंपर्यंत भरतो. त्याची शिंगं कपाळावर येऊन एकमेकांना भिडतात आणि तिथे जाड, खडबडीत ढाल तयार होते. शिकारी तिला 'बॉस' म्हणतात. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी छंदाची शिकार संपवली, आणि ती पुन्हा सुरू व्हावी असं या लेखात कुठेही सुचवायचं नाही. झिम्बाब्वे, झांबिया, टांझानिया, मोझांबिक, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इथे ती परवान्याने चालते. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. केनियात १९७७ पासून बंद आहे. जिथे ती चालते तिथे ती कशी चालावी, हा इथला प्रश्न.

पट्टीचा उगम लंडनचा. रोलँड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या पेढीने १८९२ मध्ये मोठ्या शिंगांची नोंदवही छापली. केप रेड्यासाठी या वहीत शिंगांची बाहेरून बाहेर रुंदी मोजतात आणि प्रवेशाला ४२ इंच लागतात. १९७१ मध्ये निघालेल्या अमेरिकेतल्या सफारी क्लब इंटरनॅशनलची रीत थोडी वेगळी आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिंगाच्या वळणावरून लांबी घेतात आणि तीत दोन्ही बाजूंच्या बॉसची रुंदी मिळवतात. या दुसऱ्या रीतीत बॉसला निदान थोडी किंमत आहे. पण दोन्हीकडे टोक झिजलं की आकडा घसरतो. नोंदवहीत नाव लागलं नाही तरी चालेल, पण 'चाळीस इंची' मिळायलाच हवा, हा सोस या वह्यांनी शिकाऱ्यांच्या डोक्यात पक्का बसवला. काही ठिकाणी दरपत्रकंही तशीच असतात: चाळिशीच्या आत एक भाव, वर गेला की दुसरा.

गोम अशी की शिंगाचं वय आणि रेड्याचं वय एका चालीने वाढत नाहीत. दोन-तीन वर्षांच्या टोणग्याची शिंगं बाजूला फाकायला लागतात आणि पाच-सहा वर्षांत रुंदी जवळजवळ पूर्ण होते. टोकं तेव्हा सुईसारखी असतात, वळण अखंड असतं. बॉसचं काम मात्र अर्धवटच झालेलं असतं. दोन शिंगांच्या मधे केसाळ कातडीची पट्टी दिसते, कडा मऊ असतात, रंग फिकट असतो. ढाल पूर्ण कडक व्हायला सातवं-आठवं वर्ष उजाडतं. त्यानंतर कुठे हा रेडा कळपात इतरांना हटवून माजावरच्या म्हशींपर्यंत पोचतो. शरीराने तो आधीच प्रजननक्षम झालेला असतो, पण थोरले रेडे त्याला जवळ येऊ देत नाहीत. सात ते दहा ही त्याची खरी कर्ती वर्षं. दहा-अकराच्या पुढे टोकं झिजू लागतात. झाडं, वारुळं, चिखलाचे काठ यांवर घासून, झुंजीत तुटून ती बोथट होतात. शिंग मुळाशी फारसं वाढत नाही आणि टोकाशी कमी होत राहतं. काही म्हाताऱ्यांच्या डोक्यावर शेवटी बॉस आणि दोन बुंधे एवढंच उरतं. रग्बीतले खेळाडू कान झाकायला जी टोपी घालतात तिच्यावरून इंग्रजी बोलणारे शिकारी अशा रेड्याला 'स्क्रम कॅप' म्हणतात.

म्हणजे पट्टीला जो रेडा सगळ्यात देखणा दिसतो तो नेमका पाच-सहा वर्षांचा असतो. अंगाने भरलेला, पण बाप व्हायच्या आधीचा.

नुकसान किती होतं ते साध्या बेरजेने पाहता येईल. पुढचे आकडे कोणत्याही एका जंगलाचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. समजा एका क्षेत्रात ६०० म्हशी-रेडे आहेत आणि दरवर्षी ३० रेडे सहा वर्षांचे होतात. दरवर्षी नैसर्गिकरीत्या दहा टक्के मरतात असं धरू. मग सात वर्षांचे २७, आठचे २४, नऊचे २२, दहाचे २० उरतात. कर्त्या वयाचे एकूण ९३. शिकारीचा कोटा ठरवताना एकूण संख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास रेडे हा ठोकताळा वापरला जातो, म्हणजे इथे १२. हे बारा सहा वर्षांच्या, रुंद शिंगांच्या टोणग्यांतून उचलले तर सातव्या वर्षात १६ पोचतात, मग १५, १३, १२. कर्ते रेडे ९३ वरून ५६ वर आले. तेच बारा अकराव्या वर्षी उचलले तर ९३ चे ९३ राहतात. कोटा तोच, परवानेही तेवढेच. फरक फक्त कोणत्या बारांवर बोट ठेवलं याचा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वरवर बरोबर वाटतो: झिजक्या, लहान शिंगांचे रेडे मारत बसलात तर उरतील ते उत्तम शिंगांचे, म्हणजे ही एक प्रकारची छाटणीच झाली. इथे झिजलेलं शिंग आणि मुळात आखूड शिंग यांत गल्लत होते. बारा वर्षांचा जो रेडा आज ३४ इंच भरतो तो आठव्या वर्षी ४१ इंच असू शकतो, आणि त्याचं ते ४१ इंची बीज एव्हाना कळपात पसरलेलं असतं. म्हाताऱ्याला मारल्याने चांगली शिंगं वाचतात ती याच कारणाने, तो कमअस्सल होता म्हणून नव्हे. उलट बाजूचा दाखला कॅनडातून मिळतो. अल्बर्टातल्या राम माउंटनवर मोठ्या शिंगांच्या जंगली मेंढ्यांची शिकार शिंगाच्या वळणावर ठरायची. ज्याचं शिंग लवकर वाढेल तो लवकर मारला जायचा. तीसेक वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात एडक्यांची शिंगं आणि वजन दोन्ही पिढ्यांगणिक घटल्याचं दिसलं. केप रेड्याबाबत इतका लांब अभ्यास डोळ्यांपुढे नाही, आणि मेंढ्यांचं गणित जसंच्या तसं त्याला लावू नये. पण लवकर वाढणाऱ्याला लवकर मारायचं ही निवड कोणत्या दिशेला ओढते, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

इंचांचा सोस टोकाला गेला की काय होतं याचा तमाशा दक्षिण आफ्रिकेने दाखवला. तिथल्या खाजगी कुरणांवर रुंद शिंगांचे रेडे पैदास करायची लाट आली. २०१२ मध्ये सिरिल रामाफोसा यांनी लिलावात एका केप म्हशीसाठी आणि तिच्या रेडकासाठी १ कोटी ९५ लाख रँडपर्यंत बोली लावली, सौदा तरीही त्यांना मिळाला नाही, आणि देशातल्या गरिबीचा दाखला देत टीका झाल्यावर त्यांना माफी मागावी लागली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. २०१६ मध्ये 'होरायझन' नावाच्या रेड्याचा नुसता पाव हिस्सा ४ कोटी ४० लाख रँडला विकला गेला, म्हणजे अख्ख्या जनावराची किंमत १७ कोटी ६० लाख! त्यानंतर हे भाव कोसळले. कुंपणातल्या त्या पैदाशीचा खुल्या रानातल्या कळपांशी थेट संबंध नाही, पण आजार एकच आहे. जनावराऐवजी त्याच्या डोक्यावरचं माप विकत घेतलं जातं.

आता कामाचा भाग. म्हातारा रेडा रानात ओळखायचा कसा? नियम कागदावर कितीही चांगला असला तरी बार काढणाऱ्याला पन्नास-साठ मीटरवरून, काटेरी झुडपाआडून, दोन-तीन मिनिटांत ठरवायचं असतं. तिथे नियम टिकतो की मोडतो.

सुरुवात डोक्यापासून नव्हे, मागापासून. पहाटे पाणवठ्यावर कळपाचे माग सोडून द्यायचे, ज्यात म्हशींचे लहान खूर आणि रेडकांचे ठसे मिसळलेले असतात. शोधायचे ते दोन ते पाच मोठ्या, बोथट कडांच्या खुरांचे माग, ज्यांच्यासोबत लहान ठसा एकही नाही. कळपातून निघालेले म्हातारे रेडे अशा छोट्या टोळीने किंवा एकटे राहतात. ते पाण्यापासून आणि चिखलापासून लांब जात नाहीत, आणि अंगावर चिखलाचा जाड लेप घेऊन फिरतात. दक्षिण आफ्रिकेत त्यांना 'डग्गा बॉय' म्हणतात ते यावरूनच, झुलू-न्गुनी भाषांत 'उडाका' म्हणजे चिखल. मराठीत 'चिखल्या' म्हणायला हरकत नाही. माग सकाळी लागला तर गाठ पडायला तीन-चार तास सहज जातात, कधी आख्खा दिवस. उन्हं तापली की चिखल्या सावलीत बसतो. बसलेल्या रेड्यावर घाई करायची नाही. वाऱ्याची दिशा राखेची पुरचुंडी झटकून पुन्हा पुन्हा तपासायची, आणि तो उठेपर्यंत दुर्बीण लावून बसायचं. हाच वेळ वय पाहायचा.

पहिली खूण बॉसची. दोन ढालींच्या मधे केसाची रेघ दिसली की तो रेडा सोडायचा, रुंदी कितीही असो. पण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. चिखल वाळून त्या फटीत बसला की मऊ बॉसही एकसंध, काळा, कडक दिसतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात तर हमखास. रेडा नाक वर करून रोखून बघत असेल तेव्हा बॉसचा पुढचा भागच दिसतो, मधली फट दिसत नाही. त्याने चरायला मान खाली घातली की माथा समोर येतो. म्हणून निर्णय मान खाली गेल्यावर. पक्क्या बॉसला झाडाच्या सालीसारख्या खाचा असतात, रंग गडद असतो, आणि कपाळाकडची कड केसांत बुडालेली नसून मोकळी, टणक दिसते.

दुसरी खूण टोकांची. सुईसारखी टोकं म्हणजे तरुण. अंगठ्यासारखी जाड, बोथट टोकं म्हणजे वय झालेलं. एक टोक तुटलेलं आणि दुसरं अणकुचीदार असेल तर ती झुंजीची खूण, वयाची नव्हे. तिसरी खूण चेहऱ्याची आणि अंगाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची, कारण ती कोणत्याही पट्टीला मोजता येत नाही. डोळ्यांभोवती आणि गालावर केस गळून करडी कातडी दिसते. कान फाटलेले, कातरलेले असतात. गळ्याची पोळी लोंबते. मान पुढून जाड राहिली तरी पुठ्ठे उतरतात आणि कमरेची हाडं कातडीखालून वर येतात. पाठीवर, कुल्ल्यांवर केस जवळजवळ नसतात. तरुण रेडा मागून गोल दिसतो, म्हातारा मागून कोपऱ्यांचा.

कानावरून रुंदी मोजायची जुनी युक्ती इथे उलटते. कान आडवे पसरले की दोन टोकांमधलं अंतर साधारण तीस ते चौतीस इंच धरतात, आणि कानाबाहेर दोन्हीकडे शिंग किती जातं यावरून इंचांचा अंदाज बांधतात. म्हाताऱ्याचे कान फाटलेले, म्हणजे मापदंडच तुटलेला. वयाला महत्त्व देणारा शिकारी हे काम मुळात करतच नाही, आणि त्याचे निर्णयाचे निदान तीस सेकंद वाचतात.

शंका असेल तर सोडून द्यायचा. हे सांगायला सोपं, करायला कठीण, कारण सातव्या दिवशी, परतीच्या विमानाचं तिकीट खिशात असताना, समोर रुंद शिंगांचा सहा वर्षांचा रेडा उभा असतो. आणि व्यावसायिक शिकाऱ्याला, ज्याला तिथे 'पीएच' म्हणतात, बक्षिसी गिऱ्हाइकाकडून मिळते, रेड्याकडून नाही. बहुतेक कोवळे रेडे अज्ञानाने नव्हे तर याच क्षणी मरतात.

म्हातारा निवडण्याची एक बाजू सहसा बोलली जात नाही, ती गोळीची. केप रेड्याला बहुतेक देशांत किमान पॉइंट ३७५ ची, म्हणजे तेवढ्या इंच जाडीच्या गोळीची, रायफल लागते. तिचं नेहमीचं काडतूस १९१२ पासून चालत आलेलं, गोळी ३०० ग्रेनची म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची. शंभर-दोनशेच्या कळपात शिरून रुंद शिंगांचा एक निवडायचा म्हणजे त्याच्या मागे-पुढे म्हशी आणि रेडकं असतात. अशी जड गोळी एका अंगातून आरपार निघून मागच्या गाभण म्हशीत घुसते, हे अपघाताने नव्हे तर गोळीच्या गुणधर्माने घडतं. न फुटणारी घट्ट गोळी वापरली तर धोका दुप्पट. शिवाय कळपाला डोळे आणि नाकं शेकड्यांनी असतात. एकीने फुंकर मारली की सगळे पळतात आणि शिकारी घाईत बार काढतो. तीन चिखल्यांच्या टोळीत मागे कोण उभा आहे हे दिसतं. आडवा उभा राहीपर्यंत थांबता येतं. तीन काठ्यांच्या टेकूवर रायफल ठेवून, पुढच्या पायाच्या रेघेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरता येतो. रेड्याचं हृदय आणि फुप्फुसं आपल्याला वाटतात त्याहून खाली आणि पुढे असतात. फऱ्याच्या मागे वरच्या अंगाला मारलेली गोळी बरगड्यांत अडते किंवा पोटात जाते. मग सुरू होते ती झाडीतली पाठलागाची गोष्ट, जी माणसांच्या जिवावर बेतते. पहिली गोळी बसली की दुसरी लगेच मारायची, तो पडला असला तरी. झाडीत गेला तर किमान वीस मिनिटं थांबायचं आणि शेवटची लांब हंबरणी ऐकू येते का ते ऐकायचं. बहुतेक ठिकाणी रक्त सांडलं की रेडा कोट्यात मोजला जातो आणि त्याचे पैसे द्यावे लागतात, सापडो वा न सापडो. तरीही जखमी होऊन निसटलेल्या रेड्याचं वय कुठल्याच वहीत लागत नाही, हे लक्षात ठेवावं.

'मुळात मारायचाच कशाला?' हा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. ज्याला जनावर मारणंच अमान्य आहे त्याला म्हातारा-तरुण हा भेद निरर्थक वाटेल, आणि त्याच्या भूमिकेत तो निरर्थक आहेच. पण एक गोष्ट नजरेआड होऊ नये. केनियाने १९७७ मध्ये शिकार थांबवली, आणि त्यानंतरच्या चार दशकांत तिथल्या मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या दोन-तृतीयांशाने घटली. ती बंदीमुळे घटली असं म्हणणं चूक, चराईचा दाब, कुंपणं, चोरटी शिकार ही कारणं मोठी आहेत; पण बंदीने ती सावरली नाही हेही खरं. झांबेझीच्या मुखाशी, मोझांबिकच्या मारोमेऊ भागात, १९७७ ते १९९२ च्या यादवीत सैनिकांनी आणि मांसविक्यांनी केप म्हशींचे प्रचंड कळप काही हजारांवर आणले होते. तिथे शिकारीच्या क्षेत्रांतून मिळालेल्या पैशावर गस्ती पथकं उभी राहिली आणि कळप पुन्हा वीस हजारांच्या वर गेले. झिम्बाब्वेत १९८९ पासून 'कॅम्पफायर' योजनेतून गावांना शिकारीचा वाटा मिळतो, मांसही गावात जातं. सातशे किलोच्या रेड्याचं साफ केलेलं धड साडेतीनशे किलोंच्या आसपास भरतं, आणि हाडं काढली तरी दुष्काळी खेड्यात ते लहान आकडा नाही. म्हाताऱ्याचं मांस चिवट, हे मान्य. तासन् तास शिजवावं लागतं. पण बहुतेक मांस तिथे पट्ट्या कापून, मीठ लावून वाळवलंच जातं, आणि वाळवणात चिवटपणा लपतो.

एवढ्या मोठ्या खंडात ही जात किती नाजूक असू शकते याचा धडाही इतिहासात आहे, आणि त्याचा धागा आपल्याकडे येतो. १८८० च्या दशकाच्या शेवटी एरिट्रियात बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ शिरली. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर, आणि ती गुरं भारतातून आली असावीत असं मानलं जातं. १८९७ पर्यंत ती खंडाच्या दक्षिण टोकाला पोचली आणि वाटेत गाईगुरांसकट केप म्हशींचा जवळजवळ फडशा पाडून गेली. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, म्हशी सावरल्या. आज जागतिक यादीत ही जात संकटाच्या उंबरठ्यावर धरली जाते. अशा जनावराच्या बाबतीत 'पुष्कळ आहेत, काय फरक पडतो' हे म्हणणं परवडणारं नाही.

उपाय काय, हे सिंहाच्या शिकारीने आधीच दाखवलं आहे. २००४ मध्ये एका अभ्यासाने मांडलं की सहा वर्षांवरचेच नर मारले तर कळपांवर परिणाम नगण्य राहतो, कारण तोवर त्यांचे छावे मोठे झालेले असतात. मोझांबिकच्या न्यासा अभयारण्यात त्यावर गुणपद्धत चालवली गेली: वयस्क सिंह मारला तर पुढच्या वर्षी कोटा टिकतो, कोवळा मारला तर कापला जातो. केप रेड्याला हेच लावता येईल, आणि सिंहापेक्षा सोपं जाईल, कारण रेड्याचा जबडा चटकन बोलतो. मात्र बैलबाजारातली युक्ती पाचव्या वर्षापर्यंतच कामाची. पुढचे कायमचे दात साधारण अडीच-तीन वर्षांपासून येऊ लागतात आणि पाचाच्या सुमारास रेडा 'जुळतो'. त्यानंतर पुढच्या दातांवरून काही सांगता येत नाही. मागे जायचं, पहिल्या दाढेकडे. ती सगळ्यात आधी येते, म्हणून सगळ्यात आधी घासते. तिच्या माथ्यावरच्या वळ्या शाबूत असतील तर रेडा तरुण. त्या सपाट होऊन दाढ हिरडीलगत आली असेल तर तो दहाच्या पलीकडे. जास्त अचूक हवं तर दाढेच्या मुळाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या रेघा मोजतात, झाडाच्या खोडासारख्या.

यासाठी जबडा टिकायला हवा, आणि आज तो टिकत नाही. कवटी उकळून शिंगं उतरवताना खालचा जबडा वेगळा होतो आणि कातडी काढणाऱ्याच्या हातून फेकला जातो. त्याने तो त्याच दिवशी साफ करावा, उकळताना वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर दात सैल होऊन गळतात, आणि परवान्याच्या क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला तारेने बांधावा. कागदी चिठ्ठी पाण्यात विरघळते. झिम्बाब्वेत शिकारीनंतर भरायच्या टीआर-२ अर्जात शिंगांची मापं लिहितात. तिथे पहिल्या दाढेची उंची हा एक रकाना आणि बॉस वरून घेतलेला एक फोटो जोडला की काम भागतं. कोवळा रेडा मारला तर दंड गिऱ्हाइकाला नको, त्या क्षेत्राच्या पुढच्या वर्षीच्या कोट्याला हवा. गिऱ्हाईक परत येणार नसतं. धंदा करणारा तिथेच असतो. आणि दरपत्रकातला इंचांचा टप्पा काढून टाकावा, रेडा तो रेडा, भाव एक. नामिबियातल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने पदकं वयाशी जोडून वाट दाखवली आहे. जुन्या नोंदवह्यांनी मऊ बॉसचे रेडे सरसकट नाकारावेत, मग ते पन्नास इंच का असेनात.

या सगळ्यात एक खरा तोटा आहे आणि तो म्हाताऱ्याच्या बाजूने बोलणारे लपवतात. चिखल्या निरुपयोगी असतो, कळपाला त्याचा उपयोग नाही, हे ते ठासून सांगतात. कळपाला नसेल. सिंहाला आहे. कळप सोडलेला, एकटा, मंद झालेला रेडा हे सिंहाचं आवडतं भक्ष्य. टांझानियातल्या मन्यारा सरोवराच्या काठी सिंहांनी मारलेल्या रेड्यांत अशांचाच भरणा दिसला. वरच्या हिशेबात अकराव्या वर्षाला १८ रेडे पोचतात. त्यातले बारा परवान्याने गेले तर सहा उरतात, आणि पुढच्या वयाचे सगळे म्हातारे मिळून एक-तृतीयांशावर येतात. जिथे सिंह नाहीत तिथे चालेल. पण २०१८ मध्ये झांबेझीच्या मुखाशी २४ सिंह मुद्दाम आणून सोडले, तिथे नाही चालणार. कोटा एकूण डोक्यांच्या दोन टक्क्यांवर न ठरवता अकराच्या पुढच्या रेड्यांच्या मोजणीवर ठरवावा, आणि बाराच्या जागी आठ परवाने काढावेत. उरलेले दहा हा सिंहाचा वाटा, अगदी शब्दशः.